आजारी दोस्तासाठी पाणी

एझ्रा दारूला शिवत नसे, म्हणून वेस्ट इंडीजमधल्या ब्रिजटाउनच्या लष्करी छावणीत सगळे त्याला पाद्रीबुवा म्हणायचे. तो नुकताच विलायतेहून आला होता. त्याचा एकमेव दोस्त जोनस पिवळ्या तापाने पडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रमचा एक थेंब पोटात गेला तर संपला. नारळपाणी पाजा, वाचेल."

एझ्राने जन्मात नारळ पाहिला नव्हता. तो फाटकाबाहेर नारळ विकणाऱ्या फिबाबाईच्या टोपलीपाशी गेला.

"बाई, पाणी हवंय. दोस्त आजारी आहे."

फिबाबाईने लांब उभ्या सार्जंटकडे एकदा पाहिलं आणि टोपलीच्या तळातला नारळ काढला.

"आजारी आहे होय? मग हा ने, लेका."

फाटकावरचा पहारेकरी हसला. "काय पाद्रीबुवा, तुम्हीसुद्धा?"

जोनसने नारळाच्या भोकाला तोंड लावलं, ते रिकामा होईपर्यंत काढलं नाही. किती दिवसांनी तो हसला. नारळाला बराकीसारखाच वास येत होता, पण इथे सगळ्यालाच तो वास यायचा.

दिवेलागणीला जोनस गेला.

निदान शेजारच्या खाटेवरचा तरी वाचावा, म्हणून एझ्रा सकाळी पुन्हा फिबाबाईकडे गेला. "बाई, अजून एक आजारी आहे."



"हळू बोल, सार्जंट ऐकेल," ती डोळा मारत म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचेच दोस्त आजारी असतात. काल तू पहिल्यांदा आलास, म्हणून नुसत्या रमचा दिला. पाण्याचा एक थेंब नव्हता त्यात."