उलटे टाके

"आता जरा श्वास रोखून धरा," गाइड म्हणाला आणि त्याने काठीचं टोक काचेच्या पेटीवर टेकवलं. आत तळहाताएवढा करड्या कापडाचा तुकडा होता. "उडती तबकडी कोसळली तेव्हा लष्कराने तासाभरात सगळं उचलून नेलं. वर म्हणाले, इथे काही पडलंच नाही! माझ्या वडिलांच्या हाती एवढंच लागलं. काठाचे टाके बघा. सगळे उलट्या बाजूला तिरके. आपल्या पृथ्वीवर असं कोण शिवतं?"

वीस वर्षं तो हे वाक्य म्हणत होता आणि ते एकदाही वाया गेलं नव्हतं. त्याच वाक्यावर त्याचं घर चालत होतं.

"मी शिवते," मागून आवाज आला.

एक म्हातारी होती. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, त्यात याच पेटीचा फोटो. लोक हसले. गाइडही हसला. अशी एखादी वल्ली आठवड्याला भेटायचीच. त्याने मंडळींना पुढच्या दालनात पिटाळलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मी डावखुरी आहे," ती बसत म्हणाली. "शाळेत मार खाल्ला, पण हात काही सुधारला नाही. माझ्या भावाच्या उड्डाणाच्या पोशाखाचं अस्तर आहे हे."

"आजी, असं तर कुणीही म्हणेल."

"दोन पदरांच्या मध्ये चोरखिसा आहे. त्यात लवंगा असतील. विमान लागायचं त्याला." ती किंचित हसली. "वैमानिक, आणि विमान लागायचं! साहेबांना कळलं असतं तर कायमचा जमिनीवर बसवला असता. म्हणून हा खिसा मी गुपचूप शिवून दिला."

"मग तो गेल्याचं तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"कळवलं ना. विमान घेऊन पळाला, शत्रूला जाऊन मिळाला, असं कळवलं. आई मरेपर्यंत मान खाली घालून जगली."

खिसा निघाला तर आपलं दुकान बंद, हे समजायला गाइडला फार अक्कल लागली नाही. पेटीची किल्ली हरवलीय, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. म्हातारीची नजर त्या तुकड्यावरून हलत नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने कमरेची किल्ली काढली.

कापड हातात आल्यावर तिने ते दोन बोटांत धरून चाचपलं. मग पर्समधून छोटी कात्री काढली आणि डाव्या हाताने तीन टाके उसवले. काळ्या पडलेल्या पाच-सहा लवंगा तिच्या मांडीवर सांडल्या.

तिने एक नाकाशी धरली. "पळाला नव्हता हो," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. गाइडने खिशातला रुमाल पुढे केला.

तेवढ्यात पर्यटकांची नवी तुकडी दारात येऊन उभी राहिली. गाइडने सवयीने काठी उचलली. ठरलेलं वाक्य जिभेवर आलंही होतं. ते त्याने गिळलं.

"तबकडीतून आलेले ते," पुढे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "कुठून आले होते, कळलं का हो शेवटी?"

गाइडने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"यांना विचारा," तो म्हणाला.

म्हातारीने डोळे पुसले. लवंगा मुठीत घेतल्या.

"आमच्या घरून," ती म्हणाली. "अर्धा चहा तसाच ठेवून निघाला होता."