इस्त्री केलेल्या नोंदी

"काय सर, नंबर वाढला वाटतं?" चष्म्याच्या दुकानात शिरलेल्या म्हाताऱ्या सरांना पाहताच तिनं विचारलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून खुर्ची पुढे केली.

हो म्हणावं आणि सुटावं, असं वेधशाळेच्या त्या निवृत्त प्रमुखांना क्षणभर वाटलं. पण घरून निघताना त्यांनी मनाचा हिय्या केला होता.

"तुझं बरोबर होतं," ते बसता बसता म्हणाले. "त्या सुरकुत्या खऱ्या होत्या."

तिला फोड करून सांगावं लागलं नाही. ती त्यांची विद्यार्थिनी असताना आयनांबराच्या, म्हणजे आकाशात फार उंचावर असलेल्या विद्युतभारित थराच्या, आलेखांवर बारीक सुरकुत्या उमटायच्या. खाली डोंगरांवर वादळ झालं की त्याच्या लाटा हवेतून चढत तिथवर पोचतात, असं ती जीव तोडून सांगायची. सर हसण्यावारी न्यायचे. वर सत्ता सूर्याची. ढगांनी आपल्या पायरीनं राहावं! सुरकुत्या म्हणजे यंत्राची खरखर, ती काढून रेघ गुळगुळीत करायची. वेधशाळेत त्याला इस्त्री म्हणत. तिच्या प्रबंधावर त्यांनी सही केली नाही आणि ती निघून गेली.

"आता दुसऱ्यांनी ते सिद्ध करून दाखवलंय," ते म्हणाले. "मी तुझं नुकसान केलं गं. फार वाईट वाटतं."

ती रडेल, नाहीतर ताडताड बोलेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तिचा चेहरा तर उजळला.

"अहो, मग बसलात काय! आपल्याकडे वीस वर्षांच्या नोंदी आहेत. इतक्या कुणाकडे असणार? दुकान आमचे हे सांभाळतील, मी उद्यापासून येते. मूळ नोंदी काढू, एकेका वादळाशी ताडून बघू..."

बोलता बोलता तिनं एका पावतीच्या पाठीवर रेघा ओढायला सुरुवातही केली. आता सरांना जे सांगायचं होतं, त्याच्यापुढे माफी मागणं सोपं होतं.

"मूळ नोंदी नाहीत," ते म्हणाले. "इस्त्री झाली की मूळ पुसून टाकायचं. जागा अडायची ना. मीच तसं सांगून ठेवलं होतं."

तिचा हात थांबला.

"एकही वादळ ठेवलं नाहीत, सर?" तिनं विचारलं.