हाताची थरथर

रेघ पुन्हा थरथरली. चित्रकाराने टेबलावर शाईच्या वाटीशेजारी ब्रश ठेवला आणि पान पालथं घातलं. बायकोला दिसायला नको.

सकाळपासूनचं हे चौथं पान. कोल्ह्याची पाठ एका फटक्यात यायला हवी होती. ती करवतीसारखी दातेरी येत होती. संपादकबाईंनी बजावलं होतं, "या वेळी टॅबलेट नको. पुस्तकातली सगळी चित्रं शाईतच हवीत."

टॅबलेटवर अडचण नव्हती. सोफ्यावर बसून, तो मांडीवर घेऊन काढलं की रेघ लोण्यासारखी सरकायची. पण रेघ गुळगुळीत करायची सोय त्यात असते. यंत्र आपलं दुखणं झाकतंय, अशी त्याची खात्री झाली होती.

महिनाभर हेच चाललं होतं. घराच्या दाराची किल्ली फिरवताना मनगट भरून यायचं. खिडकी एका हाताने लागायची नाही. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. शेवटी शर्टाची बटणंसुद्धा आईच लावायची.

"काय रे, होतंय ना काम?" बायकोने आतून विचारलं. लेकीला ताप होता, ती तिला थोपटत बसली होती.

"होतंय की. कागद घेऊन येतो जरा."

टॅबलेट, जुना ब्रश आणि शाईची एक बाटली पिशवीत टाकून तो तीन जिने उतरला आणि थेट डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी हात ताठ धरायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं. मग म्हणाले, "आता इथेच रेघ काढून दाखवा."

ब्रश टेकवला, ओढला. रेघ सुतासारखी सरळ आली. दुसरी तशीच. टॅबलेटवरची ती सोय बंद करून काढली, तीही सरळ.

"हात ठणठणीत आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. "वडिलांच्या आजाराची धास्ती घेतलीत, बाकी काही नाही."

रस्त्यावर येताच त्याने बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता त्याला रडू फुटलं.

"महिनाभर एकटाच कुढत बसलास? कमाल आहे तुझी!" ती आधी रागावली, मग हसली. "तुझ्या टेबलापाशीच उभी आहे मी. थांब, मला रेघ जमते का बघते."

तो डोळे पुसत थांबला.

"माझीही वाकडीतिकडीच आली रे."

"तुझा हात कुठे बसलाय? वर्षं जातात त्यात."



"अरे," ती हळूच म्हणाली, "ब्रश मी केव्हाच खाली ठेवलाय. टेबलाला माझा हातही लागत नाहीये. खिडकीची चौकट तिरकी दिसतेय, आणि वाटीतली शाई हलतेय."