एका शब्दाचं उत्तर

"ताप आलाय म्हणून तुला लिहिलं, तर तुझं उत्तर काय? छान!" कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढत लेक म्हणाली.

आई पायमशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. तिने पाय थांबवला नाही. "बरी झालीस ना आता? मग झालं."

"पडदे पिवळे घेऊ का निळे? छान. घरमालक खोली खाली करा म्हणतोय. छान. अनोळखी माणूससुद्धा दोन शब्द जास्त लिहितं, आई."

मशीन थोडा वेळ जास्तच जोरात चाललं.

बाबा टेबलाच्या कडेला, प्लगापाशी स्टूल टाकून बसले होते. स्क्रीन मधेच काळी पडते, पट्टे उमटतात, ही तक्रार त्यांचीच. लेकीने आल्या आल्या बघून सांगितलं होतं, की ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना झालाय, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. तो काढायचा आणि नवा टाकायचा. मधेच वीज गेली तर पंचाईत होईल, एवढं ती बोलून गेली, आणि तेव्हापासून बाबांचा बटणावर पहारा होता. आईला त्यांनी मिक्सरसुद्धा लावू दिला नव्हता.

"बाबा, तुम्ही बसलात म्हणून वीज जायची थांबणार आहे का?"

"पण कुणाचा पाय तर लागणार नाही वायरीला?"

पाय लागेल असं तिथे ते एकटेच होते.

जुना ड्रायव्हर निघाला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तो सगळंच अवाढव्य होऊन आलं. चित्रं फुगलेली, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. निरोपांची खिडकी नेहमीसारखी आपोआप उघडली, पण तीत जेमतेम दोन ओळी मावल्या.

"घ्या! बिघडवलंस," बाबा म्हणाले.

"असंच होतं. नवा टाकला की येईल ताळ्यावर."

तेवढ्यात आईचं मशीन थांबलं. "बाबांना... स्टँडवर पाठवू नकोस," आई जागेवरूनच, खडे वेचावेत तसा स्क्रीनवरचा एकेक शब्द वाचत होती. "माझी मी येईन."

"हे आता सांगतेस?" बाबा उसळले. "सकाळी तासभर उभा होतो मी स्टँडवर! येईल त्या गाडीत डोकावत होतो. शेवटी कंडक्टर म्हणाला, आजोबा, चढायचंय का नुसतंच बघायचंय?"

"मी परवाच लिहिलं होतं," लेक म्हणाली. "आईने उत्तरही दिलं. काय ते सांगायला नकोच."

आई उठून खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. "राहू दे की असंच," ती म्हणाली.

"असं कसं राहू दे? ध्यान दिसतंय नुसतं."

लेकीने नवा ड्रायव्हर लावला. स्क्रीन काळी झाली. तिघंही त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले.

"गेलं?" आईने विचारलं.

"येईल."

बाबांनी बटणापुढे हात आडवा धरला.

आलं. सगळं जागच्या जागी, बारीक, कोरल्यासारखं. पट्टा एक नाही.

"बघ आता," लेक मागे वळून म्हणाली. "कसं दिसतंय?"

"छान," आई म्हणाली.

लेकीचा हात माउसवर तसाच राहिला. तिने आईकडे बघितलं, मग मशीनकडे. रिळाशेजारच्या चिमुकल्या गादीवर सुया ओळीने टोचलेल्या होत्या, आणि प्रत्येकीत दोरा आधीच ओवून ठेवलेला होता.

"आई, ही वरची ओळ वाच."

"कशाला?"

"वाच ना."

आई पुढे वाकली, मागे झाली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "चहा टाकायचा राहिलाय माझा," ती म्हणाली.

"कधीपासून दिसत नाही?"

बाबाच म्हणाले, "सुया मी ओवून देतो ते चालतं. वाचून दाखवतो म्हटलं, तर मला खोलीबाहेर काढायची."

"दाखवाल हो!" आई म्हणाली. "फोनवर सगळं तुम्हीच बोलून घेता. हे तिनं मला लिहिलेलं. म्हातारपणी अक्षरं गिरवली ती काय तुमच्याकडून वाचून घ्यायला?" मग लेकीकडे न बघता ती हळूच म्हणाली, "टिंग वाजलं की बरं वाटायचं गं. उत्तर नाही गेलं तर तू काळजी करशील, म्हणून लिहायचे. न बघता तेवढा एकच शब्द जमायचा."

लेक अक्षरं वाढवत गेली, आई 'बास' म्हणेपर्यंत. बास म्हणेपर्यंत खिडकीत पुन्हा दोनच ओळी उरल्या होत्या.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. आईला खुर्चीत बसवून ती चहा ठेवायला आत गेली.

पाणी उकळायच्या आत तिचा फोन थरथरला.

"पडदे निळे घे. पिवळे मळतात."

पडदे लावून तिला महिने झाले होते. पिवळेच.

पुन्हा थरथरला. "खोली सोडू नको. मालक कजाग आहे पण पाणी चांगलं आहे."

मग बराच वेळ काही नाही, नुसती एका बोटाची टकटक. मग आलं:

"तापाचं छान नाही. औषध घेतलं का. उतरला का."

लेकीने गॅस बारीक केला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "उतरला गं आई! केव्हाच उतरला!"

"ओरडू नकोस," खोलीतून आवाज आला. "लिही. मी वाचतेय."