नकाशात माणूस नसतो

“नकाशात माणसं काढायची नसतात. किती वेळा सांगू?”

तिसरीच्या बाईंनी चौदावा कागद उलटला. त्यावरही तेच. बागेचं फाटक, घसरगुंडी, पाण्याची टाकी, टाकीमागचा बाक आणि बाकावर एक माणूस.

मुलं झाडाखाली मांडी घालून बसली होती. अर्ध्या तासात मोठ्या बाई नकाशे बघायला येणार होत्या. “नकाशे धड नसतील तर पुन्हा वर्ग आणि फळा,” असं त्यांनी बजावलं होतं. शाळेशेजारच्या बागेतला हा भूगोलाचा तास मिळवायला बाईंनी दोन वर्षं त्यांच्यामागे भुणभुण लावली होती.

“जे कायम तिथेच असतं, तेच नकाशात येतं,” बाई दात आवळून म्हणाल्या. “झाड, बाक, टाकी. माणूस येतो आणि जातो.”

“हे काका जात नाहीत, बाई.” वर्गात जिला सगळे वकील म्हणत, ती उठली. “आपण येतो तेव्हा असतात. मधल्या सुट्टीत असतात. शाळा सुटली तरी असतात.”

“झाडाची पानं तरी गळतात,” मागून कोणीतरी म्हणालं.

“आणि बाई, तुमची शिट्टी वाजली की ते पेपर तोंडासमोर धरतात!”

सगळा वर्ग खिदळला.

“पुरे शहाणपणा. खोडा तो माणूस.”

“पण त्यांना सूचीत टाकलंय, बाई,” वकील म्हणाली. “गोल म्हणजे डोकं, चौकोन म्हणजे डबा.”

बाईंनी कपाळाला हात लावला. या कार्ट्यांशी वाद घालण्यापेक्षा त्या माणसालाच उठवलेलं बरं. बाहेर रहदारीचा रस्ता, म्हणून एरवी त्या फाटकापासून हलत नसत. आज शिपाईमामांना तिथे उभं केलं आणि त्या तरातरा टाकीमागे गेल्या.

बाकावर उघडा पेपर होता आणि पेपराखाली दोन गुडघे.

“अहो, दुसरा बाक मिळत नाही का तुम्हाला? तुमच्यापायी तीस मुलांचा भूगोल बिघडलाय. दिवसभर इथे बसता, काही कामधंदा आहे की नाही?”

पेपर हळूहळू खाली आला.

“हळू बोल. मुलं बघतायत,” रोज सकाळी सव्वाआठला ऑफिसला जाणारा बाईंचा नवरा म्हणाला.