देवाच्या मेंढ्याचे जंत

"पोट फाडावंच लागेल," जनावरांचे डॉक्टर कुलथे म्हणाले, तरी तायाक्काने मेंढ्याच्या गळ्याभोवतीचा हात काढला नाही.

जिल्ह्यातल्या एकाही कळपात आता जंताचं औषध लागू पडत नव्हतं. सात औषधं आली आणि सातही जंतांनी पचवली. या महिन्यात तायाक्काची बत्तीस मेंढरं रक्त आटून मेली होती. फक्त बिरोबाला सोडलेल्या या मेंढ्याचे जंत औषधाने मरतात, असं तपासणीत निघालं. देवाच्या मेंढ्याला औषध पाजायचं नाही, ही तिच्या घरची रीत. तो देवाच्या माळावर एकटाच चरायचा, म्हणून त्याच्या जंतांना औषध पचवायची सवय लागली नव्हती.

"याचे जंत कुरणांत सोडले की त्यांची वीण वाढेल, औषध पचवणाऱ्यांची मागे पडेल. मग औषध पुन्हा लागू पडेल," डॉक्टरांनी समजावलं.

"ह्याला औषध पाजलं न्हाई म्हणून तुमीच माझं नाव सरकारी मदतीच्या यादीतनं काढलंसा. चारचौघांत मला अडाणी म्हणालासा."

"तेव्हा नियमच तसा होता."

"आन आता ह्योच कापायचा? जंताची अंडी लेंड्यांतनं पडत्यात, हे तुमीच शिकिवलंसा. मग सुरी कशापायी?"

"लेंड्या गोळा करत बसलो तर महिने जातील. आम्हाला घाई आहे."

तायाक्काने रिकामी पाटी त्यांच्या पायाशी आदळली. "माझी बत्तीस मेंढरं मेली, तवा घाई नव्हती. वाका."

डॉक्टर हातमोजे आणायला गाडीकडे वळले.

"हातानं," तायाक्का म्हणाली.