मुखपृष्ठावरची पेशी

"चित्र फिकं आहे. लेझर वाढव," सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत सर म्हणाले.

"पेशी मरेल, सर. धक्का न लावता तिच्या आतलं दाखवणारा रंग हवा, म्हणून तर तीन वर्षं हाडं झिजवली मी."

"विज्ञान नियतकालिकाच्या मुखपृष्ठाला फिकं चालत नाही." मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच लेझर वाढवला. पेशी लखलखली, आक्रसली आणि विझली. लखलखाटाचं तेवढं चित्र अंकावर छापून आलं. खाली ओळ होती, 'जिवंत पेशीचं अंतरंग'.

परिषदेत एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "एवढ्या प्रकाशात ही जगवलीत कशी?"

सरांनी माईक माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्यापुढे ठेवला.

"सरच सांगतील. तिच्या शेवटच्या क्षणी तेच जवळ होते."